निवेदक, गोलरक्षक आणि बाद फेरी

मंडळी, क्रिकेटवर लिहिणारे उदंड आहेत. हॉकीवर मराठीत लिहिणारे मात्र शोधावे लागतात. म्हणून म्हटलं, आपणच थोडं लिहावं. मी कधी हॉकीची काठी हातात धरलेली नाही हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या वालीवला तेव्हा भाताची खाचरं होती. कापणी झाली की त्या खाचरांत विटीदांडू, आट्यापाट्या आणि उरलेल्या वेळात क्रिकेट. हॉकीला लागते तशी सपाट जमीन नव्हती, आणि काठी विकत घ्यायला पैसेही नव्हते. आज त्या खाचरांवर कारखान्यांचे गाळे उभे आहेत, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

म्हणजे मी हॉकी पाहिली त्यापेक्षा जास्त ऐकली. त्यामुळे माझी मतं ही खेळाडूची नव्हेत, एका श्रोत्याची आहेत. पन्नास वर्षं ऐकतो आहे, एवढाच काय तो अधिकार.

साखळी सामने आणि बाद फेरी यांतला फरक मी वर्गात मुलांना परीक्षेच्या भाषेत सांगायचो. साखळीत एखादा पेपर वाईट गेला तरी सरासरीने पास होता येतं. बाद फेरी ही तोंडी परीक्षा. समोर परीक्षक, एकच प्रश्न, आणि 'सर, पुन्हा विचारा ना' ही सोय नाही. शिवाय या परीक्षेचा निकाल पंच देतात तो एक, आणि निवेदक देतो तो दुसरा. पंचांचा निकाल सामन्यापुरता असतो. निवेदकाचा निकाल मात्र लोकांच्या डोक्यात जन्मभर राहतो. माझा आजचा सगळा मुद्दा या दुसऱ्या निकालाचा आहे.

सुरुवात १९७५ पासून करतो. क्वालालंपूरचा विश्वचषक. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. घरात एक ट्रान्झिस्टर होता. त्याचे सेल उतरले की दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी तासभर तरी चालायचे. (आजच्या मुलांना हे खोटं वाटेल. आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा.) आकाशवाणीवर हिंदीत जसदेव सिंग बोलायचे. दरवर्षी २६ जानेवारीच्या संचलनाचं वर्णन करणारा तोच आवाज. त्यांची लय मोठी विलक्षण होती. चेंडू मधल्या रेषेवर असताना वाक्यं लांब, सावकाश. चेंडू 'डी'जवळ आला की वाक्यं तुटायला लागायची, क्रियापदं गळायची, नुसती नावं उरायची. चेंडू कुठे आहे हे त्यांच्या श्वासावरून कळायचं म्हणा ना!

उपान्त्य सामना यजमान मलेशियाशी होता. आपण १-२ ने मागे. वेळ संपत आलेली. अशात अस्लम शेर खान या बदली खेळाडूला आत पाठवलं गेलं, आणि पेनल्टी कॉर्नरवर त्याने बरोबरी साधली. गळ्यातल्या ताइताचं चुंबन घेऊन त्याने तो फटका मारला, ही गोष्ट पुढे फार गाजली. मग जादा वेळेत हरचरण सिंगचा गोल झाला आणि आपण ३-२ ने जिंकलो. आता पाहा, मलेशियाविरुद्ध आपल्याला पिछाडीवर टाकणारे दोन गोल कोणाच्या चुकीने झाले? तेव्हा ऐकणाऱ्या शंभर जणांना विचारलंत तरी एकालाही सांगता येणार नाही. अस्लम मात्र सगळ्यांना आठवतो.

१५ मार्चला अंतिम सामना, पाकिस्तानशी. पहिला गोल त्यांचा, बरोबरीचा आपल्या सुरजित सिंगचा. मग अशोक कुमारने, म्हणजे ध्यानचंदांच्या चिरंजीवांनी, मारलेला चेंडू गोलच्या कोपऱ्यात खांबाला लागून परत बाहेर आला. मलेशियाचे पंच विजयनाथन यांनी गोल दिला. पाकिस्तानच्या खेळाडूंनी जोरदार हरकत घेतली, पण पंच बधले नाहीत. भारत २-१ ने विजयी! कर्णधार अजितपाल सिंग. शिवाजी पवारही त्या संघात होते, हे नाव आता फारसं कोणी घेत नाही.

तो वाद आज झाला असता तर? पडद्यावर तोच फटका पंधरा वेळा, पंधरा कोनांतून दाखवला असता. चार माजी खेळाडू काचेच्या टेबलाशी बसून भांडले असते. तेव्हा आमच्या अंगणात गोल झाला, कारण पंचांनी दिला आणि जसदेव सिंगांनी सांगितला. कोणी 'पण खरंच आत गेला होता का?' असं विचारल्याचं मला आठवत नाही. जुनं ते सारं सोनं असं मी म्हणत नाही. दृक्पुराव्यावर दाद मागण्याची सोय आता आहे ती चांगलीच आहे, तिच्यामुळे कितीतरी अन्याय टळतात. पण रेडिओचा एक गुण मान्य करायलाच हवा. रेडिओला जे घडलं ते सांगावं लागायचं. ज्याच्याकडे चेंडू त्याचं नाव. चुकलेल्या माणसाचा चेहरा दाखवत बसायची त्याच्याकडे सोयच नव्हती.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १९७६ ला माँट्रियलला कृत्रिम हिरवळ आली आणि आपण सातवे आलो. १९८० ला मॉस्कोत सुवर्णपदक मिळालं, अंतिम सामन्यात स्पेनवर ४-३. बहिष्कारामुळे बरेच चांगले संघ आले नव्हते हे खरं. पण आले होते त्यांना हरवावं लागलंच ना? त्या संघात मर्विन फर्नांडिस आणि सोमय्या होते. दोघेही मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं दिसलेले.

आणि मग आलं १९८२. हे वर्ष मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

त्या वर्षाच्या तोंडावर, म्हणजे डिसेंबर ८१ च्या शेवटापासून १२ जानेवारी ८२ पर्यंत, विश्वचषक मुंबईत झाला. कुठे, तर वानखेडेवर! होय, क्रिकेटच्या वानखेडेवर, हिरव्यागार गवतावर हॉकीचा विश्वचषक. माझ्या पुतण्यांना हे पटतच नाही. मी आणि एक सहकारी शिक्षक वसई रोडहून लोकल पकडून चर्चगेटला गेलो होतो. आमची जागा इतकी वर होती की खेळाडू मुंगीएवढे दिसत, आणि चेंडू तर दिसतच नव्हता. बाजूच्या गृहस्थांनी कानाला ट्रान्झिस्टर लावलेला. मैदानावर काय चाललंय ते मैदानात बसून आम्ही त्यांच्याकडून ऐकत होतो! राजिंदर सिंगने त्या स्पर्धेत १२ गोल केले, सर्वांत जास्त. पण भारत उपान्त्य फेरीत पोचलाच नाही, पाचवा आला. चषक पाकिस्तानने नेला.

त्याच वर्षी १ डिसेंबरला दिल्लीत आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. रंगीत दूरदर्शन त्याच वर्षी आलेलं. आमच्या आळीत एका वाडीवाल्यांकडे टीव्ही होता (रंगीत नव्हे, साधाच). त्यांच्या ओटीवर बायकापोरांसकट पन्नासेक माणसं. इंदिरा गांधी मैदानात आलेल्या. पहिला गोल आपला झाला, कर्णधार झफर इक्बालचा, पेनल्टी स्ट्रोकवर. ओटीवर नुसता जल्लोष! त्यानंतर पाकिस्तानने एकामागून एक सात गोल केले. १-७.

प्रत्येक गोलनंतर पडद्यावर कोण दिसायचं? जाळ्यातून चेंडू काढणारा मीररंजन नेगी. सात वेळा. कलीमुल्ला, हसन सरदार, हनीफ खान, समीउल्ला ही त्या काळातली जगातली सर्वोत्तम आघाडीची फळी होती. ती एकट्या गोलरक्षकाच्या अंगावर पुन्हा पुन्हा धावून येत होती. आता साधा विचार करा. गोलरक्षक एकटा केव्हा पडतो? पुढचे दहा जण चुकले तेव्हाच ना? पण ते दहा जण चौकटीच्या बाहेर होते. कॅमेऱ्यात मावत होता तो एकटा नेगी. चौथ्या गोलला ओटीवर कोणीतरी म्हणालं, "हा विकला गेलाय." सातव्या गोलपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक असलेलं सत्य होऊन बसलं होतं. आमच्या ओटीवरच नव्हे, देशभर तेच झालं. पैसे खाल्ल्याचा आरोप त्या माणसाच्या कपाळी चिकटला, आणि तो सिद्ध करण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

त्या संघात जोकिम कार्व्हालो, मर्विन फर्नांडिस, सोमय्या, मार्सेलस गोम्स हे सगळे होते. हरले तेही. पण आमच्याकडे दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली ती फक्त नेगीची. गणिताच्या सरांनी हिशोब मांडला, एका गोलचा भाव अमुक. मी त्यांना विचारलं, "सर, पुरावा?" ते म्हणाले, "टीव्हीवर दिसलं ना!" हे उत्तर मी आजतागायत विसरलेलो नाही. गणिताचा माणूस, आणि सिद्धता म्हणून टीव्ही!

आता सोळा वर्षं पुढे येतो. डिसेंबर १९९८, बँकॉक. पुन्हा आशियाई स्पर्धा, पुन्हा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. १-१ अशी बरोबरी, म्हणजे निकाल पेनल्टी स्ट्रोकवर. आमचा गोलरक्षक आशिष बल्लाळ. त्याने दोन स्ट्रोक अडवले आणि १९६६ नंतर, तब्बल ३२ वर्षांनी, आशियाई सुवर्ण भारताकडे आलं. बल्लाळला घडवणारा गोलरक्षकांचा प्रशिक्षक कोण होता माहीत आहे? मीररंजन नेगी.

हे मला कोणत्या निवेदकाकडून कळलं नाही. नंतर वाचनात आलं. पुढे २००७ साली शाहरुख खानचा 'चक दे इंडिया' आला तेव्हा नेगींचं नाव घरोघरी पोचलं. सिनेमातल्या त्या प्रशिक्षकामागे नेगींच्या आयुष्याची छाया आहे, असं सगळेच म्हणू लागले. चांगलंच झालं. पण ज्या माध्यमाने त्यांना सात वेळा दाखवलं, त्याने बँकॉकच्या त्या रात्री एकदा तरी त्यांच्याकडे कॅमेरा वळवून हे नातं सांगायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँकॉकचा कर्णधार धनराज पिल्ले. आपला खडकीचा! दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, वडील तिथल्या क्रीडांगणाची देखभाल करणारे. भावंडं मोडक्या काठ्यांना दोरी बांधून आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर खेळत. खडकी ही हॉकीची जुनी पेठ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले बाबू निमल तिथलेच. धनराजने चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळल्या. एवढी चौकडी दुसऱ्या कोणाच्या नावावर मला तरी माहीत नाही. आणि बँकॉकच्या सुवर्णानंतर काय झालं? धनराज, बल्लाळ आणि आणखी काही ज्येष्ठांना पुढच्या मालिकेतून वगळलं गेलं. 'विश्रांती' दिली म्हणे! धनराज तोंडाचा फटकळ. मानधनाबद्दल, सोयींबद्दल तो उघड बोलायचा. आमच्या निवेदकांना मात्र त्याचं एकच वर्णन सापडलं होतं, 'तापट'. चेंडू घेऊन तो धावायला लागला की केस उडायचे, निवेदकाचा आवाज चढायचा आणि हा शब्द हमखास यायचा. अहो, तो समोरच्या तिघांना चुकवून उजवीकडच्या मोकळ्या गड्याला चेंडू देतोय, त्यावर बोला की!

धनराजच्या वाट्याला आलेला सर्वांत कडू सामना बाद फेरीचाही नव्हता, बाद फेरीच्या उंबऱ्यावरचा होता. सिडनी, २०००. पोलंडला हरवलं की उपान्त्य फेरी. आपण १-० ने पुढे. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती आणि पोलंडने बरोबरी केली. संपलं. मी त्या वेळी घड्याळाकडे बघत होतो. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जिंकलो का?" मी उत्तर दिलं नाही, त्यावरून त्या समजल्या.

आता टीव्हीवरच्या निवेदकांबद्दल. हिंदी असोत की इंग्रजी, माझी तक्रार एकच. मला जे दिसतंय ते मला सांगू नका. जे दिसत नाही ते सांगा. गोल झाला हे मला दिसतं. त्याआधी मधल्या फळीतल्या कोणी चेंडू हिसकावला, कोणी पळून बचावपटूला बाजूला ओढलं, ते चौकटीच्या बाहेर असतं, ते सांगा. जगबीर सिंगसारखा स्वतः ऑलिम्पिक खेळलेला माणूस बोलायला असला की पेनल्टी कॉर्नरची मांडणी तरी नीट कळते. बाकीचे बरेचसे आठ ऑलिम्पिक सुवर्णांची यादी म्हणून दाखवतात. १९२८ पासूनची ही यादी मला पाठ आहे, धन्यवाद.

आणखी एक खंत. बाळ ज. पंडितांनी मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन रुजवलं. वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून खेळाला मराठी वर्तमानपत्रात हक्काची जागा मिळवून दिली. हॉकीला मात्र मराठी आवाज मिळाला नाही. खडकीचा धनराज आम्ही हिंदीत ऐकला आणि इंग्रजीत पाहिला.

युवराज वाल्मीकीचं उदाहरण घ्या. २०११ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या ओर्डोस इथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना झाला, पाकिस्तानशी, गोलशून्य बरोबरी. पेनल्टीवर विजयाचा गोल मारला तो मुंबईच्या युवराजने. दुसऱ्या दिवशी वार्ताहर चर्चगेटच्या बाजूला त्याच्या घरी पोचले तेव्हा देशाला कळलं की त्या घरात वीजच नाही! शहराच्या सर्वांत झगमगत्या रस्त्याजवळचं घर, आणि टीव्ही लावायला वीज नाही. संघटनेने विजेत्यांना प्रत्येकी २५,००० रुपये जाहीर केले, ते खेळाडूंनी नाकारले, हेही तेव्हाच गाजलं. त्याचा धाकटा भाऊ देविंदर २०१६ ला रिओ ऑलिम्पिक खेळला. त्यानंतरच्या टोकियो आणि पॅरिसच्या संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता.

व्यावसायिक लीगची गोष्टही अशीच. २००५ ला प्रीमियर हॉकी लीग आली, त्यात आपले मराठा वॉरियर्स होते. २०१२ च्या दुसऱ्या एका लीगमध्ये पुणे स्ट्रायकर्सनी थेट अंतिम फेरी गाठली. तो सामनाही चर्चगेटच्या महिंद्र स्टेडियमवरच झाला, पण आपण शेर-ए-पंजाबकडून हरलो. २०१७ ला हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात दबंग मुंबई कलिंगा लान्सर्सकडून हरली. नंतर ती लीग बंद पडली. २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ज्या ओडिशाने गावागावांत मैदानं केली, त्यांचा होता. त्यांना त्याचं फळ मिळालं, तक्रार कसली?

पॅरिसचा उपान्त्यपूर्व सामना मात्र मी डोळ्यांत तेल घालून पाहिला. ४ ऑगस्ट २०२४, समोर ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेली ४३ मिनिटं दहा जणांनी किल्ला लढवला. १-१. मग शूटआउट. आता पूर्वीसारखा उभ्या चेंडूवरचा स्ट्रोक नसतो. आठ सेकंदांत धावत येऊन गोलरक्षकाला चकवायचं असतं. श्रीजेशने भिंत उभी केली आणि आपण ४-२ ने जिंकलो. पुढे उपान्त्य सामना जर्मनीकडून २-३ ने गेला, पण ८ ऑगस्टला स्पेनला २-१ ने हरवून कांस्य मिळालं. तो श्रीजेशचा शेवटचा सामना. हॉकी इंडियाने त्याचा १६ क्रमांकाचा पोशाखच निवृत्त केला. तीन वर्षांपूर्वी टोकियोत जर्मनीचा शेवटच्या काही सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर अडवून तो गोलच्या चौकटीवर चढून बसला होता, तो फोटो आमच्या नातवाच्या खोलीत आहे.

ब्रिटनविरुद्धच्या त्या सामन्यात मी एक उद्योग केला. टीव्हीचा आवाज बंद केला आणि वहीत टिपत गेलो, दहा जणांपैकी कोणी कितीदा चेंडू अडवला ते. श्रीजेशपर्यंत पोचण्याआधीच किती चेंडू थांबले ते पाहून मी थक्क झालो. मनप्रीत, हार्दिक, सुमित... पानं भरली. १९८२ च्या त्या ओटीवर अशी एक वही असती तर नेगींच्या पुढे कोण कोण कुठे होतं, तेही टिपलं गेलं असतं.

असो. माझ्या नात्यागोत्यातल्या किंवा वाचकांपैकी कोणाकडे वानखेडेवरच्या त्या विश्वचषकाचं तिकीट, कार्यक्रमपत्रिका किंवा मराठी वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर जरूर कळवा. विशेषतः कात्रणं. मराठीत तेव्हा कोणते शब्द वापरले होते ते मला बघायचंय. 'डी'ला कोणी काही मराठी नाव दिलं होतं का?